पैसे आले तरी पार्टीला ‘बाकी आहे’ मेसेज जातोय? परत परत होत असेल तर हे तपासा

आधी प्रॉब्लेम नीट सांगते म्हणजे तुमचाही तोच आहे का ते कळेल. पार्टीला म्हणजे उधारीवरच्या गिऱ्हाइकाला आठवणीचे मेसेज आपोआप जावेत म्हणून सिस्टिम लावली, महिना-दीड महिना मस्त चाललं, आणि मग ज्यांनी पैसे दिलेत त्यांनाच मेसेज जायला लागले. दुरुस्त केलं की आठ दिवस ठीक, मग परत तेच, फक्त पार्टी वेगळी. आणि ज्यांचं खरंच थकलंय त्यातल्या काहींना मेसेजच नाही. आमच्याकडे हे जवळजवळ चार महिने चाललं, आता बंद झालंय, कसं झालं ते लिहिते.

आमचं दुकान बडोद्याला. बेअरिंग, व्ही-बेल्ट, ऑइल सील असला माल, गिऱ्हाईक बहुतेक मकरपुरा जीआयडीसी म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीतले छोटे वर्कशॉपवाले. दुकान बाबांनी उभं केलं, आता मी बघते. धंदा सगळा उधारीवर, बोली ३० दिवसांची असते आणि पैसे ४५-५० दिवसांनी येतात, हे ज्यांचं दुकान आहे त्यांना सांगायला नको. बिलं टॅलीत म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बनतात, टॅलीतून बाकी बिलांची यादी एक्सेलमध्ये काढायची, ती गुगल शीटमध्ये टाकायची आणि तिथली स्क्रिप्ट म्हणजे छोटासा प्रोग्रॅम रोज सकाळी ज्या बिलाला ३० दिवस उलटलेत त्या पार्टीला मेसेज पाठवते. बस, एवढीच सिस्टिम. भारी काही नाही, पण रोज तासभर फोन करण्यातून सुटका होणार होती म्हणून मी खूप हौसेनं लावून घेतली होती.

एका सोमवारी मकरपुऱ्याचे एक काका दुकानात आले, बाबांच्या वेळेपासूनचे गिऱ्हाईक. ६२०५ नंबरची दोन बेअरिंगं हवी होती, ती घेतली, आणि मग काउंटरवर फोन ठेवून माझ्याकडे फिरवला. वर रविवारी रात्री ९:४० चं पेमेंट, १८,४०० रुपये, हिरवी टिक. खाली सोमवारी सकाळी ९:१७ ला आलेला आमचा मेसेज, ‘आपल्याकडून १८,४०८ रुपये येणे बाकी आहेत, कृपया त्वरित भरावे.’ काका रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते फक्त म्हणाले, ‘बाळा, तुझे बाबा उघराणीला यायचे ना, तर आधी चहा घ्यायचे, मग डायरी उघडायचे. डायरीत नाही ते कधी मागितलं नाही त्यांनी.’ मी माफी मागितली, मेहताजींना म्हणजे आमचा हिशोब लिहिणाऱ्यांना तिथल्या तिथं एंट्री करायला सांगितली, आणि मला वाटलं विषय संपला. मंगळवारी सकाळी काकांना परत मेसेज गेला. तोच आकडा, १८,४०८. आणि ते निस्तरलं तर शुक्रवारी तिसरा मेसेज गेला, ‘आपल्याकडून ८ रुपये येणे बाकी आहेत.’

तेव्हा मला जे कळलं ते हे की तीन मेसेजची कारणं तीन वेगळी होती. आम्ही दर वेळी स्क्रिप्ट बदलत होतो, ज्या मुलानं ती बनवून दिली त्याला फोन करून त्रास देत होतो, आणि स्क्रिप्टमध्ये काही चूक नव्हतीच. तिला जे दिलं ते ती वाचत होती. म्हणून माझं कळकळीचं सांगणं, स्क्रिप्टला हात लावायच्या आधी एक चुकलेला मेसेज धरा आणि त्याच्या मागे मागे जा, शीटमध्ये कुठल्या ओळीतून आला, ती ओळ टॅलीत कुठल्या बिलाची, त्या बिलाचे पैसे बँकेत कधी आले आणि वहीत कधी आणि कसे चढले. कागदावर लिहून काढा. अर्धा तास लागतो, पण असे चार-पाच मेसेज पाहिले की कारणं सापडतातच.

काकांचा सोमवारचा मेसेज म्हणजे नुसता वेळेचा घोळ. पूर्वी एनईएफटी बँकेच्या वेळेतच व्हायचं, १६ डिसेंबर २०१९ पासून ते चोवीस तास झालं, आरटीजीएस पण १४ डिसेंबर २०२० पासून चोवीस तास, आणि यूपीआय तर २०१६ ला आलं तेव्हापासून रात्री-अपरात्री चालतंच. म्हणजे पैसा रविवारी रात्री येतो, आमचे मेहताजी सोमवारी साडेदहाला येतात, अकरा वाजता बँकेत आलेले पैसे टॅलीत चढवतात, आणि स्क्रिप्ट मात्र ९ वाजता जुन्या यादीवर चालून मोकळी. त्यात अजून एक, गुगलच्या स्क्रिप्टला ‘९ ते १०’ असा टायमर दिला तर ती त्या तासात कधीही चालते, ९ लाच असं नाही, त्यामुळे ‘आज लवकर गेला, काल उशिरा गेला’ असं दिसलं तर घाबरू नका. पण मेसेज भलत्याच वेळी जात असेल, संध्याकाळी वगैरे, तर टाइमझोन बघा. शीटचा टाइमझोन वेगळा असतो आणि स्क्रिप्टचा वेगळा, दोन्हीकडे भारताचा म्हणजे कोलकात्याचा ठेवा.

नुसती वेळ पुढे ढकलून भागत नाही, कारण मेहताजी एखाद दिवस येत नाहीत, त्यांनाही घर आहे. आम्ही शीटमध्ये वर एक खाना ठेवला, ‘बँक कुठपर्यंत चढवली’. मेहताजी बँकेच्या एंट्र्या संपवून ताजी यादी शीटमध्ये टाकतात, मग तिथं आजची तारीख लिहितात. स्क्रिप्ट दुपारी १२ नंतर चालते आणि आधी तो खाना बघते, आजची तारीख नसेल तर एकही मेसेज नाही. एक दिवस मेसेज गेला नाही तर काही बिघडत नाही, चुकीचा गेला तर खूप बिघडतं. सगळ्यात जास्त फरक ह्या एका खान्यानं पडला, आणि त्याला पैसा लागला नाही.

मंगळवारचं कारण खोल होतं आणि बहुतेकांचं खरं दुखणं तेच असणार. टॅलीत पार्टीचा हिशोब बिलवार ठेवला असेल तर पैसे जमा करताना ते विचारतं की हे कशासमोर घ्यायचे, अगेन्स्ट रेफ म्हणजे अमुक बिलासमोर, न्यू रेफ म्हणजे नवीनच संदर्भ देऊन, अ‍ॅडव्हान्स, की ऑन अकाउंट म्हणजे कुठल्याच बिलाला न लावता. मेहताजींनी ऑन अकाउंट केलं होतं. तसं केलं की पार्टीचा एकूण बॅलन्स बरोबर दिसतो, पण बिल बाकीच्या यादीत तसंच्या तसं उभं राहतं आणि आलेले पैसे वेगळे पडून राहतात. आपण लेजर म्हणजे पार्टीचं खातं बघतो आणि म्हणतो सगळं ठीक आहे, स्क्रिप्ट बिलांची यादी बघते आणि म्हणते पैसे आलेच नाहीत. दोघंही आपापल्या जागी बरोबर! न्यू रेफनं पण हेच होतं, आणि घाईत एंटर दाबत गेलं की ते चुकून लागतं.

मेहताजींना मी बोलले नाही, कारण त्यांची अडचण खरी होती. बँकेत येतं काय, यूपीआयचा १२ आकडी नंबर आणि एक नाव, आणि ते नाव बऱ्याचदा फर्मचं नसतंच, मालकाच्या मुलाच्या खात्यातून आलेले असतात. मोठं बिल असलं तर यूपीआयला साधारण १ लाखाची मर्यादा म्हणून दोन दिवसांत दोन तुकडे येतात. दुकानातल्या क्यूआरवर आलेले पैसे तर काही सेवांमध्ये दिवसाचे एकत्र एकाच आकड्यात बँकेत जमा होतात, आत कोणाचे किती हे त्यांच्या अ‍ॅपचा सेटलमेंट रिपोर्ट काढल्याशिवाय कळत नाही. ह्यात मेहताजी म्हणणार, ‘बेन, आत्ता ऑन अकाउंट टाकतो, नंतर बघू.’ ते नंतर कधी येतच नाही.

मग आम्ही नियम ठरवला. पार्टीनं बिल नंबर सांगितला तर त्या बिलासमोर, नाही सांगितला तर सगळ्यात जुन्या बाकी बिलासमोर, ऑन अकाउंट पूर्ण बंद. पार्टीच कळत नसेल तर ती रक्कम ‘ओळख पटली नाही’ म्हणून एका वेगळ्या लेजरला, आणि ते लेजर शनिवारी रिकामं झालंच पाहिजे. जुन्या बिलापासून घ्यायचं हे मी मनानं काढलेलं नाही हं, १८७२ च्या करार कायद्यातच आहे, देणाऱ्यानं सांगितलं तर त्याप्रमाणे, नाही सांगितलं तर घेणाऱ्याच्या मर्जीनं, आणि दोघांनीही ठरवलं नाही तर जुन्यापासून क्रमानं. एखादी पार्टी वाद घालायला आली तर हे सांगता येतं.

जुना कचरा साफ केल्याशिवाय मात्र नव्या नियमाचा काही उपयोग नाही. मी आणि मेहताजी दोन रविवार बसलो, एकेक पार्टी उघडून पडलेले ऑन अकाउंट बिलांना लावले. कंटाळवाणं काम आहे, पण तेव्हाच असं सापडलं की एका पार्टीचे पैसे दुसऱ्याच पार्टीला जमा होते आणि दोघांपैकी कोणी बोललं नव्हतं. तुमच्याकडे हा रोग आहे की नाही हे बघायचं असेल तर सोपी परीक्षा आहे, पार्टीचा लेजरचा बॅलन्स एका बाजूला लिहा, तिच्या बाकी बिलांची बेरीज दुसऱ्या बाजूला, दोन आकडे जुळले नाहीत तर तिथं ऑन अकाउंट किंवा न्यू रेफ पडलेलं आहे. आम्ही शीटमध्येच हा कॉलम केला, जुळलं नाही तर ओळ लाल होते आणि त्या पार्टीला मेसेज जात नाही.

आता ते ८ रुपये. बिल १५,६०० चं, १८ टक्के जीएसटी धरून १८,४०८, काकांनी सरळ १८,४०० पाठवले. सगळेच तसं करतात आणि आपण चालवून घेतो, वहीत ते कसर-वटाव म्हणजे किरकोळ सूट-तुटीच्या खात्याला जातं. पण जातं म्हणजे कोणीतरी टाकावं लागतं, नाहीतर बिल ८ रुपयांनी उघडं राहतं आणि मशीनला ८ आणि ८ हजारात फरक कळत नाही. आम्ही १०० रुपयांच्या खाली मेसेज नाही असं केलं आणि महिन्याच्या शेवटी असले तुकडे कसर-वटावला घेऊन बिलं बंद करतो. दुसरा भाग विसरू नका. नुसतं लपवलं तर वर्षाअखेर अशी शंभर बिलं उघडी दिसतात आणि खरी बाकी त्यांत शोधावी लागते. कोणी मोठी फॅक्टरी तुमच्याकडून वर्षाला ५० लाखांच्या वर माल घेत असेल तर ती वरच्या रकमेवर ०.१ टक्का टीडीएस कापू शकते, ते कसर नाही, ते तुमचे पैसे आहेत, टीडीएसच्या खात्याला घ्या आणि सीएला सांगा.

एवढं झाल्यावर महिनाभर शांतता. आणि मग ऑक्टोबरात नवीनच. ६ ऑक्टोबरला बिल बनवलं, ७ ला यादी शीटमध्ये पडली आणि पार्टीला मेसेज गेला की तुमच्या बिलाला ११९ दिवस झाले! आणि त्याच वेळी १० जूनचं बिल, जे खरंच थकलं होतं, त्याला मेसेज नाही. मी मेहताजींवर संशय घेतला ह्याचं मला अजून वाईट वाटतं. दोष तारखेच्या वाचण्यात होता. आपण ०६-१० लिहितो म्हणजे ६ ऑक्टोबर, अमेरिकेत ते जूनची १० तारीख वाचतात, आणि आमच्या शीटचं लोकेल, म्हणजे कुठल्या देशाच्या पद्धतीनं तारीख वाचायची ती सेटिंग, अमेरिकेचं राहिलं होतं. गंमत अशी की १३ तारखेपासून पुढच्या बिलांना हा प्रॉब्लेम दिसतच नाही, कारण तेरावा महिना नसतो, मग शीट ती तारीख धरतच नाही, नुसती अक्षरं म्हणून ठेवते, आणि स्क्रिप्ट ती ओळ सोडून देते. म्हणजे १ ते १२ तारखेची बिलं चुकीच्या महिन्यात आणि १३ पासून पुढची गायब. तुमच्याकडे चुका महिन्याच्या सुरुवातीच्या बिलांनाच होत असतील तर दुसरीकडे कुठं बघूच नका, हेच आहे.

ओळखायची खूण, तारखेचा कॉलम बघा, काही तारखा खान्यात उजवीकडे चिकटलेल्या आणि काही डावीकडे असतील तर डावीकडच्या अक्षरं म्हणून पडल्यात. गुगल शीटमध्ये फाईल, मग सेटिंग्ज, तिथं लोकेल भारत करा. पण नुसतं लोकेल बदलून आधीच्या चुकीच्या तारखा सुधारत नाहीत, जी उलटी वाचली गेली ती उलटीच राहते, म्हणून तो सगळा डेटा काढून टाकून यादी परत पेस्ट करा. आम्ही इथंच एक दिवस घालवला, लोकेल बदललं, काही फरक नाही म्हणून परत अमेरिका केलं, परत भारत. तुम्ही तो दिवस वाचवा. आता मी अजून एक खात्री करते, बिलाची तारीख आजच्या पुढची असेल किंवा बिलाला १८० दिवसांच्या वर झाले असतील तर ती ओळ आधी माझ्याकडे येते.

दोन नावांचा घोळ थोडक्यात सांगते. एकच पार्टी टॅलीत दोनदा, एकदा ‘एंजिनिअरिंग’, एकदा ‘इंजि. वर्क्स’, बिल एकीत आणि पैसे दुसरीत. नावावर जाऊ नका, जीएसटी नंबरावर लावा. १५ अक्षरी नंबर असतो, पहिले २ राज्याचे, आपल्या गुजरातचे २४, पुढची १० पार्टीचा पॅन. पॅन सारखा आणि लेजर दोन, असं दिसलं की फोन करून विचारा, कारण कधीकधी खरंच एका मालकाची दोन युनिटं असतात आणि त्यांना हिशोब वेगळा हवा असतो.

सुट्ट्यांचं कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. आमचा एक मेसेज १४ जानेवारीला सकाळी गेला होता. उत्तरायणला अख्खं बडोदं गच्चीवर असतं, उंधियू-जलेबी चाललेली असते, तेव्हा कोणाच्या फोनवर ‘त्वरित भरावे’ म्हणजे काय वाटत असेल. १५ ला वासी उत्तरायण, तेव्हाही नको. आणि दिवाळीपासून लाभपाचमीपर्यंत तर अजिबात नको, गुजराती व्यापारी त्या दिवसांत दुकान बंद ठेवतात आणि लाभपाचमीला मुहूर्त करून उघडतात, मुहूर्ताच्या आधी उधारीचा मेसेज गेला तर ते मनाला लावून घेतात आणि बरोबरच आहे त्यांचं. शीटमध्ये सुट्ट्यांची यादी टाका, वर्षातून एकदाचं काम आहे.

शेवटचा बदल पाठवण्यात केला. आधी सगळं आपोआप जायचं, आता स्क्रिप्ट फक्त यादी बनवते. प्रत्येक ओळीत व्हॉट्सअ‍ॅपची क्लिक-टू-चॅट लिंक असते, दाबली की त्या पार्टीची चॅट उघडते आणि मेसेज लिहून तयार असतो, मी वाचते आणि पाठवते. लिंकमध्ये नंबर ९१ लावून लिहायचा, पुढे अधिकचं चिन्ह नको, शून्य नको, मधे जागा नको, नाहीतर ती उघडत नाही. रोज १५-२० मेसेज असतात, दहा मिनिटं लागतात. बाहेरची कुठली तरी बल्क पाठवणारी सॉफ्टवेअरं वापरू नका, त्यानं व्हॉट्सअ‍ॅप नंबरच बंद करतं, आणि आमच्यासारख्यांचा तोच नंबर बोर्डावर, बिलावर, सगळीकडे असतो. रोज शेकड्यानं मेसेज असतील तर व्हॉट्सअ‍ॅपची अधिकृत बिझनेस सेवा घ्या, त्यात मेसेजचा मजकूर आधी मंजूर करून घ्यावा लागतो.

आणि एक गोष्ट आम्ही नंतर जोडली, ती पहिल्या दिवशी जोडायला हवी होती. मेहताजींनी पैसे जमा केले की पार्टीला मेसेज जातो, ‘१८,४०० रुपये मिळाले, बिल नंबर अमुक समोर घेतले, धन्यवाद.’ लोकांना बरं वाटतं हे तर आहेच, पण खरा फायदा वेगळा झाला, चूक असेल तर पार्टीच लगेच कळवते, ‘बेन, हे त्या बिलाचे नाहीत, बेल्टवाल्या बिलाचे आहेत.’ पूर्वी ही चूक महिन्यानं भांडणात कळायची, आता त्याच दिवशी कळते, आणि ती दुरुस्त करायला मेहताजींना एक मिनिट लागतं.

चेकचं आमचं अजून पूर्ण बसलेलं नाही. पार्टी पुढच्या तारखेचा चेक देते, तो ड्रॉवरमध्ये असतो, वहीत बिल बाकी आणि पार्टीच्या मते पैसे दिलेले. सध्या शीटमध्ये ‘चेक हातात’ कॉलम आहे आणि त्यात चेकची तारीख लिहिली की त्या तारखेपर्यंत मेसेज थांबतो, पण चेक घेणारा मुलगा लिहायला विसरला की परत तेच. आता ड्रॉवरवरच कागद चिकटवलाय, चेक आत टाकायच्या आधी तिथं लिहायचं आणि संध्याकाळी मी त्यावरून शीट भरते.

आणि काकांचं नाव यादीत आलं तर मी लिंक दाबत नाही, फोन करते.